टाचणीएवढं भोक

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाला दीड वर्षात दोनदा मेनिंजायटिस झाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली. दोन्ही वेळा इंजेक्शनांनी बरं वाटलं नि सगळ्यांनी हुश्श केलं. पुढे तो चालताना झोकांड्या खाऊ लागला, सकाळी उठल्याबरोबर ओकू लागला. तेव्हा एका डॉक्टरांनी त्याचे मागचे केस बाजूला सारले. डोक्याच्या मागे, बरोबर मधोमध, टाचणीएवढं भोक! त्यातून दोन केस डोकावत होते.

"ते तर जन्मापासूनचंच! तिथे आम्ही रोज तेल जिरवायचो," वहिनी म्हणाल्या.

मैत्रिणींनो, गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना कातडी नि मज्जासंस्था एकाच थरातून वेगळ्या होतात. क्वचित एखादा धागा चिकटून राहतो. त्याची बारीक नळी होते नि आतल्या टोकाला कधीकधी गाठ धरते. गाठीत कातडीचाच माल असतो: तेलकट मळ, केस. नळीतून जंतू आत गेले की गाठीत पू होतो. वहिनींच्या मुलाच्या लहान मेंदूत तो झाला होता. (सासूबाईंनी ग्रहणाला दोष दिला. ग्रहणाचा नि याचा काडीचा संबंध नाही.)

असं भोक कमरेवर मणक्याच्या रेषेत जास्त आढळतं, त्याखालोखाल डोक्यामागे, कधी नाकाच्या दांडीवर. म्हणून बाळाला न्हाऊ घालताना टाळूपासून माकडहाडापर्यंत मधली रेष एकदा नीट पाहा. न्हाऊ घालणाऱ्या बाई असतील तर त्यांनाही सांगा. भोक, केसांचा झुपका, लाल डाग किंवा ओलसरपणा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. पिळू नका, काडी घालू नका, हळद भरू नका. उगाच घाबरूही नका. ढुंगणाच्या फटीत, माकडहाडापाशी, तळ दिसणारी उथळ खळी पुष्कळ बाळांना असते, ती बहुधा निरुपद्रवी. टाळू मऊ लागते तीही नैसर्गिकच.

मेनिंजायटिस पुन्हा झाला, तर मात्र "पाठ नि डोकं तपासलंत का?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. भीड धरू नका. एमआरआयमध्ये नळी कुठवर गेली आहे ते कळतं, आणि ऑपरेशनने नळी नि गाठ दोन्ही काढतात.

वहिनींचा मुलगा आता तिसरीत आहे. न्हावी मानेवरचा व्रण पाहून विचारतो, तेव्हा हा ऐटीत सांगतो, "ऑपरेशन!"