‘शेतकऱ्याचा आसूड’मधील मुकी जनावरे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा आसूड’ हा ग्रंथ सावकारी कर्ज, शेतसारा, कचेरीतील लाचखोरी आणि धर्माच्या नावाने होणारी लूट यांच्या विवेचनासाठी वाचला जातो. त्यातील गाईबैल व शेळ्यांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही; खरे तर सत्ता खालच्या थरापर्यंत कशी पोहोचते याचा बोलका पुरावा तेथेच सापडतो.

१८७८ च्या वनकायद्याने इंग्रज सरकारला जंगले राखीव ठरवण्याचे व्यापक अधिकार मिळाले. फुले दाखवून देतात की, ज्या कुटुंबाचे तोकड्या जमिनीवर भागत नसे, ते पूर्वी रानातील फळे, पाने व सरपण आणि गायरानावर, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेल्या सामाईक कुरणावर, चरणारी एकदोन गुरे व शेळ्या यांच्या आधाराने तग धरत असे. जंगलखात्याने डोंगर, दऱ्या व गायराने ताब्यात घेतल्यावर शेळीलाही चरायला जागा उरली नाही. चारा तुटला म्हणजे बैल खंगतो, शेणखत घटते, जमीन निकस होते आणि पीक उतरते, पण सारा उतरत नाही.

म्हणूनच फुले गायराने गावांना परत मागतात आणि गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी येथील गाईबैल कापू नयेत, हवी तर परदेशातून जनावरे आणावीत, असेही सुचवतात. या सूचनेमागे शेतीचे बळ टिकवण्याचा हिशेब आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर आलेल्या बंदीशी तिचे थेट नाते जोडणे घाईचे ठरेल. जनावराच्या वेदनेचा स्वतंत्र विचार फुले यांनी फारसा केलेला नाही, ही त्यांच्या मांडणीची मर्यादाही मान्य करावी लागते.

फुले यांची ही दृष्टी आजच्या ऊसपट्ट्याकडे वळवून पाहता येईल. मराठवाड्यात जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावचा परिसर फुले यांच्या काळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इंग्रजी वनकायद्याचे वर्णन तेथे जसेच्या तसे लावता येत नाही. विचाराची पद्धत मात्र लावता येते. जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस वाढवला. मराठवाड्यातील अनेक ऊसतोड मजूर टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेतात आणि ती टनावारी मिळणाऱ्या मजुरीतून फेडतात. साहजिकच बैलगाडीत ऊस जितका अधिक भरला जाईल तितकी फेड लवकर होते, आणि त्याचा भार बैलाच्या सुजलेल्या खांद्यावर येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावरावर अतिभार लादणे हा गुन्हा आहे. तो दाखल झाल्यास आरोपी म्हणून गाडीवान उभा राहण्याची शक्यता सर्वाधिक. उचलीचा दर आणि टनाचा भाव ठरवणारे त्या वेळी गाडीजवळ नसतात.