रूळ गेले, वाट राहिली

फ्रान्सच्या बरगंडी भागात जिव्री ते क्लुनी असा रेल्वेमार्ग होता. गाड्या बंद पडल्या, रूळ निघाले. पण जमिनीची ती लांबलचक पट्टी राखली गेली आणि १९९७ साली तिथे ४४ किलोमीटरची सायकलवाट खुली झाली. 'हिरवी वाट' म्हणतात तिला. मोटारींना मज्जाव.

आगगाडीला मोठा चढ चालत नाही, म्हणून वाट जवळजवळ सपाट. लहान पोरंही दमत नाहीत. बाजूला द्राक्षमळे, कुरणात चरणारी पांढरी शारोले गुरं. क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात!

यात गावाचा फायदा काय? मोटारवाला धुरळा उडवून निघून जातो. सायकलवाला हळू चालतो. भूक लागली की थांबतो, रात्री मुक्काम करतो. मळ्यातली वाइन, घरचं चीज दारातच खपतं.

बंद मार्गाची जमीन एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली, की पट्टी पुन्हा जुळत नाही बरं का. तिथे ती तुटू दिली नाही, म्हणून वाट झाली.