खडकातल्या पाण्याचा हिशेब



अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. तिथे घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस, आणि सह्याद्रीच्या आडोशामुळे पूर्वेकडच्या तालुक्यांत जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवराकाठी ऊस आला, पुढे साखर कारखाने आले, आणि अति पाण्याने काही जमिनी चोपणही झाल्या. जिथे कालवा गेला नाही तिथे भरवसा एकच, जमिनीखालचे पाणी. ते कुठून येते, कुठे साठते आणि कोणाचे असते, याची चौकशी मात्र आपल्या घरांतून फारशी होत नाही.

चौकशी होते ती पाणाड्याकडे. हातात बेचकीची फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन तो शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे मशीन लावायचे. कोणी म्हणतो पायाळू माणसाला पाणी दिसते. या नारळाच्या नादी लागून मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या शिक्षणाचे पैसे बोअरमध्ये घातलेली घरे आम्हाला ठाऊक आहेत. दोनशे, तीनशे फूट जाऊन निघाला काय, तर धुरळा! आणि कधी पाणी लागलेच तर त्याचा मान नारळाला. वास्तविक ओढ्याकाठच्या मऊ मुरमात कोणीही, कुठेही खणले तरी बहुधा पाणी लागतेच. त्यासाठी पायाळू जन्मावे लागत नाही.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर बसून आपले पठार झाले. प्रत्येक थर थंड होताना आतले वायू बुडबुड्यांनी वर आले, म्हणून थराचा वरचा भाग सच्छिद्र. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या छिद्रांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या दिसतात. खालचा भाग घट्ट, त्यात फक्त चिरा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो, तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तर एस.टी.च्या खिडकीतूनही हे थर मुलांना दाखवता येतात.

म्हणजे आपल्याकडे जमिनीखाली तळे नाही की नदीही नाही. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि चिरांत. शंभर घागरी मावतील एवढ्या खडकातून दोन-तीन घागरीच पाणी निघते. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत हाच आकडा दहा-पंधरापर्यंत जातो. त्यामुळे आपली विहीर लवकर भरते आणि लवकर आटतेही.

आता महत्त्वाची गोष्ट. हा पाणी धरणारा थर बांध ओळखत नाही. सातबारा वेगळा असला तरी दहा-वीस शेतांच्या खाली थर एकच. वरच्या शेतात मोटार दिवसरात्र चालली की खालच्या विहिरीची पातळी उतरते. खोल बोअर घेतला आणि वरच्या भागात नीट पाइप बसवला नाही, तर वरच्या थरातले पाणी त्याच भोकातून खाली गळते आणि शेजारचा आड कोरडा पडतो. भूजलाचे शास्त्रज्ञ आज याला सामाईक साठा मानतात. पण १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीचा जो मालक त्याला खालचे पाणी उपसण्याचा हक्क दिला. मग ज्याला जमीनच नाही त्याचे काय? १९२७ साली महाडला जो प्रश्न उघड्या तळ्यावर उभा राहिला, तोच इथे खडकाखाली आहे.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावी. उन्हातान्हात खडी फोडली, सुकडी खाल्ली, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच काळातली. तिने महाराष्ट्राचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आणि ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजत राहिली. पाझर तलावाचे पाणी मात्र तलावाखालच्या विहिरींत उतरले. त्या विहिरी कोणाच्या होत्या, हे आम्ही सांगायला नको.

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा थोडा जमाखर्च मांडतो. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर. पाचशे मिलिमीटरचे झाले वीस लाख लिटर. बरेचसे वाहून जाते, उडून जाते, पिके पितात. खडकात दहावा हिस्सा उतरला असे धरू, म्हणजे दोन लाख लिटर. ही जमा. आता खर्च. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी माप आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण एक लाख लिटर. उसाला मात्र सुमारे दोन हजार मिलिमीटर लागते. पाऊस पाचशे देतो, उरलेले एकरी साठ लाख लिटर खालून उपसायचे. एक एकर उसासाठी तीस एकरांचा पाझर! तेवढ्यात साठ घरांचे वर्ष निघाले असते.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हा हिशेब गावासमोर मांडायची सवय लावली. पोपटराव पवार १९९० साली सरपंच झाले; त्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. डोंगरावर गवत राहिले की मुळांनी माती धरली जाते, पाणी अडखळते आणि मुरते. दरवर्षी पावसाची जमा बघून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून पिके ठरतात. ही गोष्ट खरोखर शिकण्यासारखी. पण एक शंका आम्ही बोलून दाखवतो: चराईबंदीचा पहिला भार दोन शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईवर पडतो. तिथे गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, हे बरे झाले. तेवढीही मुभा न ठेवता नुसती बंदी घातली तर पाणी गावात राहील आणि शेळी बाजारात जाईल. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकातच घरातल्या माणसांच्या संख्येवर पाणी वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला. आमच्या मते जास्त न्यायाचे हेच.

कायदाही आता थोडा हलला आहे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, असे १९९३ च्या कायद्याने सांगितले. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत आपला जिल्हाही होता, आणि निवडलेल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद करायचा होता. तुमचे गाव त्यात होते का? असेल तर ते कागद ग्रामसभेत मागावेत. वस्तीतल्या बायकांनी मागावेत, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

कागद मिळेपर्यंत आपले माप आपणच घ्यावे. सरळ उभ्या बाजूचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे आणि डबा रिकामा करावा. वस्तीच्या विहिरीत दोरीला दगड बांधून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर ऑक्टोबरअखेर आणि मे महिन्यात घ्यावे. लहान मुलांना विहिरीजवळ एकटे पाठवू नये. आठवी-नववीच्या मुलामुलींनी मोठ्या माणसांसोबत हे सहज करावे. पाऊस गेल्या वर्षाइतकाच आणि ऑक्टोबरचे अंतर मात्र वाढलेले असेल, तर उपसा कुठेतरी वाढला आहे असे समजावे. वहीत तारीख, अंतर आणि मोजणाऱ्याचे नाव लिहावे. ग्रामसभेला जाताना वही सोबत न्यावी.