सुजलेला पाय आणि निदानाचे अर्थशास्त्र

एकच पाय सुजला असेल, तर त्याचे कारण पायातच असते असे नाही. खुब्याच्या सांध्यापुढे, इलिओप्सोअस स्नायूच्या मागे, ‘बर्सा’ नावाची पातळ पिशवी असते. स्नायू व सांधा यांमधील घर्षण कमी करणे हे तिचे कार्य. सुमारे 15 टक्के व्यक्तींमध्ये ती थेट सांध्याशी जोडलेली असते. संधिवातात किंवा खुब्याची झीज झाल्यास सांध्यातील अतिरिक्त द्रव तिच्यात उतरतो व ती फुगते. शेजारूनच मांडीची मुख्य नीला जाते. तिच्यावर दाब आला की हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि पाय सुजतो. जांघेत गाठ दिसली तर हर्निया वाटतो; न दिसली तर नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय येतो.

विकार विरळा आहे. मग अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे? बंगळुरूचे उदाहरण घेऊ. येथील बांधकामांवर कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडील मजूर मोठ्या संख्येने राबतात. कलबुर्गी हा हत्तीरोगप्रवण जिल्हा. तिकडच्या मजुराचा पाय सुजला, की केवळ गाव विचारून हत्तीरोगाचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. संशय गैर नाही. हत्तीरोग कितीतरी अधिक आढळतो. परंतु गुठळीची शक्यता तपासावीच लागते, कारण ती फुप्फुसात गेल्यास जीव जाऊ शकतो. उलट, बर्सालाच गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली, तर खर्चही वाया जातो आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. हा निवाडा डॉपलर सोनोग्राफीने, गरज पडल्यास एमआरआयने होतो.

प्रश्न आहे तो या तपासणीच्या खर्चाचा. 2018 मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते; मात्र ते रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. दाखल होण्यापूर्वीच्या 3 दिवसांचा खर्च तीत येतो. पण दाखल व्हावे लागलेच नाही तर? बर्सातील द्रव सुईने काढणे व सांध्याच्या मूळ विकारावर औषधे, एवढे अनेकदा पुरते. म्हणजे वेळेवर अचूक निदान झालेला रुग्णच योजनेच्या कक्षेबाहेर राहतो!

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घट लक्षणीय आहे. तथापि विद्यार्थ्यांनी हा आकडा वाचताना एक बाब ध्यानात घ्यावी. सोनोग्राफीच्या रांगेत दिवस घालवणाऱ्या मजुराची बुडालेली रोजंदारी या लेख्यांत धरली जात नाही.