मोटारीचा संगणक व त्याच्या तारा

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी मोटारीचे बॉनेट उघडले म्हणजे एंजिनाकडे जाणाऱ्या तारा जवळजवळ बोटांवर मोजता येत. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटर ठरवी, पेट्रोल किती द्यावयाचे ते कार्बुरेटर ठरवी, आणि दोघांचेही काम नुसत्या डोळ्यांना दिसे. १ एप्रिल २००० पासून वाहनांच्या धुरावर देशभर अधिक कडक मर्यादा आल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाला. इतक्या काटेकोर मापाने हवा व पेट्रोल मिसळणे हे कार्बुरेटरच्या आवाक्यातले काम नव्हे. ते ईसीयू नावाच्या एका डबीकडे, म्हणजे एंजिनाच्या संगणकाकडे गेले. या डबीच्या प्लगांत कधी कधी शंभराहून अधिक पिना असतात. ते जंजाळ पाहून मालक घाबरतो, पुष्कळदा कारागीरही घाबरतो, आणि दोष सापडेनासा झाला की 'कॉम्प्युटर गेला' असा निकाल लागतो. नव्या डबीचा खर्च दहा-वीस हजारांच्या घरात सहज जातो. आमचे म्हणणे एवढेच की, डबीला दोषी ठरविण्यापूर्वी तारांची साक्ष घ्यावी.

तारांचे रंग पाठ करू नयेत. ते कंपनीगणिक बदलतात. तारांची कुळे मात्र सर्वत्र तीच असतात. काही तारा डबीला वीज पुरवितात, काही ती अर्थिंगला पोहोचवितात. काही एंजिनाची खबर आत आणतात, काही आतला हुकूम बाहेर नेतात, आणि एक जोडी इतर डब्यांशी बोलते. हातात त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा घेऊन प्रत्येक पिनेचे कूळ लावले की निम्मी भीती जाते.

यांपैकी अर्थिंगची उपेक्षा फार होते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. चाळीत वरच्या व खालच्या बिऱ्हाडांच्या मोऱ्यांना एकच नळ असला, आणि वरच्याने बादली उपडी केली, की खालच्याच्या मोरीत पाणी वर येते. विजेचेही तसेच आहे. कॉइल व इंजेक्टर यांचा जड प्रवाह ज्या वाटेने परततो, त्याच वाटेने नाजूक मापकांचा प्रवाह परतू लागला तर मापकांचे आकडे बिघडतात. म्हणून दोघांना वेगवेगळ्या अर्थिंगच्या तारा दिलेल्या असतात. एंजिनावर जेथे अर्थिंगचा बोल्ट आवळलेला असतो तेथे गंज चढून केवळ दशांश ओहमचा अडथळा उत्पन्न झाला, तरी पाच अँपिअर प्रवाहाला अर्धा व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. ऑक्सिजन मापकाचा सारा कारभार शून्य ते एक व्होल्टच्या आत चालतो हे ध्यानात घेतले, म्हणजे अर्ध्या व्होल्टची किंमत कळेल. एंजिन चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व डबीची अर्थिंग पिन यांमध्ये मीटर लावावा. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा.

आता खबर आणणाऱ्या तारा. पाण्याचे तापमान सांगणारा मापक हे सोपे उदाहरण. डबी आपल्या पोटातील एका रोधातून पाच व्होल्ट त्याच्याकडे पाठविते. मापक थंड असला की त्याचा रोध मोठा, तापला की लहान. आणि तारेवर उरलेल्या व्होल्टांवरून डबी तापमान ताडते. तार तुटली तर पुरे पाच व्होल्ट दिसतात, म्हणजे डबीच्या लेखी ऐन वैशाखात डोंबिवलीत उणे चाळीस अंशांची थंडी पडली! एवढा वेडेपणा तिलाही कळतो. ती दिवा लावते व पी ०११८ असा संकेतांक नोंदविते. या संकेतांकाचा अर्थ 'मापक खराब' असा नव्हे, 'या मंडलातील व्होल्ट जास्त' एवढाच आहे. मापक बदलूनही दिवा पुन्हा लागतो तो यामुळे.

खरा चोर मात्र अर्धवट बिघडलेला सांधा. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओली. तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो तसा प्लगमधील टोकांवरही चढतो. समजा, एंजिन तापल्यावर मापकाचा रोध तीनशे ओहम आहे आणि कळंकाने त्यात हजार ओहमची भर घातली. मग नेहमी आढळणाऱ्या एका जातीच्या मापकाबाबत ऐंशी अंशांचे पाणी डबीला चाळीसच्या आतबाहेर वाटते. हा आकडा अशक्य नसल्याने दिवा लागेलच असे नाही. डबी एंजिन गार आहे असे समजून पेट्रोल जास्त सोडीत राहते, आणि मालक पंपवाल्याला दोष देतो.

हुकुमाच्या तारांत एक चकवा आहे. साध्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरला बारा व्होल्ट मुख्य रिलेतून सदैव मिळतात. डबी फक्त त्याची दुसरी बाजू अर्थिंगला जोडते व सोडते. त्यामुळे चावी फिरवून एंजिन बंद ठेवले असता दोन्ही तारांवर बारा व्होल्ट दिसतात. हा दोष नव्हे. मात्र अशा तारांवर जुना बल्बचा टेस्टर लावू नये; त्याला लागणारा प्रवाह डबीतील नाजूक भागांना झेपेलच असे नाही. पिवळ्या वेष्टणातील तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हातच लावू नये.

बोलणाऱ्या जोडीची परीक्षा सर्वांत सोपी. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. बॅटरी सोडवून त्यातील सहा व चौदा या पिनांमधील रोध मोजावा. ही जोडी तेथपर्यंत थेट आणलेली असेल तर साठ ओहम यावेत, कारण तिच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रोध असतो. एकशेवीस आले तर एक टोक तुटले. पावसाळ्यात उंदीर एंजिनाच्या उबेला येतात, तेव्हा तेथून शोध सुरू करावा.

आणि मोजमाप घेताना तारेच्या वेष्टणात सुई टोचू नये, प्लगच्या मागल्या बाजूने टोक सरकवावे. मे महिन्यात टोचलेल्या त्या भोकातून जूनमध्ये पाणी शिरते, आणि श्रावणापर्यंत आतले तांबे हिरवे होऊन गेलेले असते.