तेलातला बुडबुडा

यंत्राच्या गोल चौकटीचं, म्हणजे गॅन्ट्रीचं, कव्हर उघडलं तसा आतून ऊबदार वारा तोंडावर आला. मिरजेतल्या एका रुग्णालयाचं सीटी स्कॅन रविवारी दुपारी दोन तास देखभालीसाठी बंद ठेवलं होतं. पेशंटला ज्या भोकातून आत सरकवतात, त्याच्याभोवती माणसाहून उंच असं धातूचं कडं होतं. त्या कड्यावर डबे, नळ्या, पंखे, वायरींचे जुडगे बोल्टांनी घट्ट आवळलेले. "हे सगळंच्या सगळं फिरतं," इंजिनिअर म्हणाले. "बाहेर झोपलेल्याला नुसता घूं आवाज येतो."

संपादकांना या यंत्राचा इतिहास हवा होता. तो थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र घडवलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचं चित्र निघालं. 1979 साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. सुरुवातीच्या यंत्रांत केबल गुंडाळली जायची, म्हणून कडं एक फेरा मारून उलटं फिरवावं लागे. केबलऐवजी सरकत्या संपर्कानं वीज पोचवणारी स्लिप रिंग आल्यावर ते एका दिशेनं अखंड फिरू लागलं. आता एक फेरा अर्ध्या सेकंदाच्याही आत पुरा होतो.

मी गुंतलो तो मात्र तेलात.

क्ष-किरण ज्या ट्यूबमधून निघतात तिला वीज किती लागते पाहा. 120 किलोव्होल्ट आणि 300 मिलिअँपिअर म्हणजे 36 किलोवॅट, घरातले दोन किलोवॅटचे अठरा गीझर एकदम लावल्यासारखं. त्यातला जेमतेम एक टक्का क्ष-किरण होतो, बाकी सगळी उष्णता. ती पडते टंगस्टनच्या तबकडीवरच्या मिलिमीटरभर रुंद ठिपक्यावर. एकाच जागी पडत राहिली तर टंगस्टनसुद्धा वितळेल, म्हणून तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते. ती असते निर्वात पोकळीत, त्यामुळे तिची धग लालबुंद होऊन नुसत्या प्रकाशासारखी बाहेर पडते. ट्यूबभोवती तेल भरलेलं असतं. ते ती धग उचलतं, पंप ते तेल रेडिएटरकडे ढकलतो, पंखे त्यावर वारा मारतात. ट्यूब, पंप, रेडिएटर, तिन्ही त्याच फिरत्या कड्यावर.

पण तेलाचं दुसरं काम याहून कठीण आहे. एक लाखाहून जास्त व्होल्ट बोटभर अंतरात अडवून धरायचे. आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं त्याच जातीचं हे तेल. वीज मंडळात काम केलेल्यांना त्याची परीक्षा माहीत असते: दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटर अंतर ठेवून व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि ठिणगी कधी पडते ते बघायचं. नीट गाळून, वाळवून, हवा काढून घेतलेलं तेल 70 किलोव्होल्टपर्यंत टिकायला हवं. तेच तेल ओलसर राहिलं, त्यात कापसाचे तंतू तरंगत असले, की निम्म्यावरच हार मानतं. ओला तंतू विजेच्या ओढीनं उभा राहतो, त्याला दुसरा येऊन चिकटतो, आणि दोन टोकांमध्ये साकव तयार होतो. मग ठिणगी. ठिणगीनं तेल जळून काजळी आणि वायू सुटतात, आणि ते पुढच्या ठिणगीची वाट सोपी करतात. एकदा बिघडलेलं तेल स्वतःलाच आणखी बिघडवत जातं.

"आणि बुडबुडा?" मी विचारलं.

इंजिनिअर पाना खाली ठेवून माझ्याकडे वळले. साध्या हवेत ठेवलेल्या खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या जवळजवळ दहावा हिस्सा हवा विरघळलेली असते, दिसत नाही एवढंच. म्हणून कारखान्यात निर्वात करून ती आधी ओढून घेतात, मगच तेल भरतात. त्यातूनही बुडबुडा झालाच तर तो जातो कुठे, हे त्यांनी मला हवेत बोट फिरवून दाखवलं. कडं वेगात फिरताना त्यावरच्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या दहा-वीस पट ओढ बाहेरच्या बाजूला बसते. जड तेल बाहेर रेटलं जातं, हलका बुडबुडा आत सरकतो. आत म्हणजे पेशंटच्या दिशेनं. आणि ट्यूबची खिडकी, जिथून किरण निघतात, नेमकी त्याच बाजूला असते.

तेल थोडे किरण शोषतं, बुडबुडा शोषत नाही. तो खिडकीपुढे आला-गेला की हिशेब चुकतो आणि मेंदूच्या चित्रावर नसलेली छटा उमटते. वाचणारा डॉक्टर जाणता नसेल तर त्या छटेला आजार समजेल. हे ऐकल्यावर मला त्या कड्याकडे पूर्वीसारखं पाहता येईना.

त्यांनी पंप चालू केला, कडं थांबलेलंच ठेवलं, आणि कान जवळ नेला. सतारीची जवारी लावणारा मिरजेतला कारागीर घोडीवर जसा कान लावतो, तसे ते बराच वेळ वाकून होते. पंपात हवा असेल तर आवाजात खरखर येते. नव्हती. मग बॅटरीच्या उजेडात नळीचा एकेक जोड बोटानं पुसून बोट पाहिलं. कोरडं.

रेडिएटर मात्र कोरडा असून भरलेला होता. पातळ पत्र्यांच्या फटींत करड्या रंगाची मऊ गादी बसली होती: चादरींचा, ब्लँकेटांचा धागा, केस, धूळ. मऊ ब्रश फिरवत, दुसऱ्या हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढत ते ती काढत होते. पत्रा वाकू नये म्हणून ब्रश एकाच दिशेनं, वरून खाली. वीस मिनिटांनी वर्तमानपत्रावर मूठभर लोकरीसारखा गोळा जमला. तेल आतून कितीही निर्मळ असो, बाहेर वारा अडला की ते तापतं, आणि तापलेलं तेल लवकर काळवंडतं.

हे काम कोणाचं, हा प्रश्न इथून सुरू झाला. झाडणाऱ्या मावशींना यंत्राजवळ जायला मनाई. टेक्निशियनना कव्हर उघडायची परवानगी नाही. इंजिनिअर तिमाहीला येणार, तोही देखभालीचा करार चालू असेल तर. एका गावी करार संपला आणि नवा व्हायला सात महिने गेले, हे त्यांनी सांगितलं; गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथलं यंत्र दर थोड्या पेशंटनंतर "ट्यूब थंड होऊ द्या" असं म्हणत थांबायचं. लोक बाकावर बसून राहायचे. ट्यूब गेली तेव्हा पेशंट दुसऱ्या शहरात पाठवावे लागले. पक्षाघातात गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. मूठभर धाग्यापायी ते साडेचार तास रस्त्यावर जातात, याचा मला राग येतो.

त्याहून वाईट गोष्ट विजेची. अनेक ठिकाणी यूपीएस फक्त कॉम्प्युटरला जोडलेला असतो. स्कॅनच्या मधोमध वीज गेली की पंप थांबतो, पण तबकडी तशीच तापलेली असते. तिच्या शेजारचं तेल जागच्या जागी भाजत राहतं. आणि वीज न जाताही असं होतं: शेवटचा पेशंट उतरला की कोणीतरी घाईनं मेन स्विच पाडतं.

"तेल बदलून भागत नाही का?"

"इथं उघडलं की हवा गेलीच समजा. या खोलीची हवा, या खोलीची धूळ." बहुतेक वेळा ट्यूब, पंप, रेडिएटर असा सगळा संच तेलासकट मोहोरबंद येतो आणि तसाच बदलतात. त्याला लाखो रुपये लागतात. लहान रुग्णालय मग कुठून तरी जुनी, दुरुस्त केलेली ट्यूब आणतं. तिच्यात तेल कोणी, कशा जागी भरलं, हे कागदावर नसतं.

कव्हर बसवून झाल्यावर त्यांनी बॅगेतून एक कागद काढला: "शेवटच्या पेशंटनंतर अर्धा तास मेन स्विच बंद करू नये." मेन स्विचच्या वरच्या भिंतीवर चिकटवताना त्यांनी मला खाली बोट दाखवलं. मागच्या खेपेचा कागद तिथंच होता, नव्या रंगाखाली. त्याची चौकट तेवढी उमटून दिसत होती.