वाघ, मांजर आणि गणिताचा पेपर

आज गणिताचा पेपर! आई म्हणते, पोहे खाऊन जा. आणि तुझ्या पोटात? कळ! काल काही अरबटचरबट खाल्लंस का? नाही. मग पोट दुखतंय कशानं?

उत्तर शोधायला गोंदियाहून नागझिऱ्याच्या जंगलात जाऊ. चल!

तळ्याकाठी एक चितळ बसलंय. निवांत रवंथ चाललाय. इतक्यात झाडावरचं वानर ओरडतं, खक्! वाघ आला! चितळ ताडकन उभं राहतं. जबडा जागीच थांबतो, कान टवकारतात. आणि ओळख पाहू, पोटात काय होतं? पचनाचं काम मंदावतं!

वाघ समोर असताना गवत पचवत बसायचं का, सांग बरं? मेंदूचा हुकूम सुटतो. अॅड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात येतं. पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं. पळायचंय ना!

समजा, शाळेत कुणी ओरडलं, ‘आग! आग!’ खिचडी शिजवणाऱ्या मावशी ढवळणं सोडून पाण्याच्या बादल्या घेऊन धावतील. खिचडी कुठे कच्ची, कुठे करपलेली! तुझ्या पोटाचंही तेच होतं. फक्त इथे वाघ नसतो, भागाकार असतो. शरीराला दोन्ही सारखेच! (मला विचारशील तर भागाकार जास्त भयंकर.)

भीतीनं पोटाचं काम थांबतं हे कळलं कसं, माहितेय? मांजरींमुळे! क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर लगेचच अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाचा डॉक्टरकीचा विद्यार्थी मांजरींना क्ष-किरणांत दिसेल असं अन्न खाऊ घालून त्यांच्या पोटात डोकावू लागला. जठर छान हलताना दिसायचं. पण मांजर चिडली, घाबरली की हालचाल बंद! तिला गोंजारलं, ती शांत झाली, की पुन्हा सुरू!

आणखी एक गंमत ऐक. तुझ्या अन्ननलिकेपासून आतड्यांपर्यंत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत! शास्त्रज्ञ त्यांना चक्क ‘दुसरा मेंदू’ म्हणतात. भागाकार मात्र त्याला येत नाही हं!

पोट आणि डोकं यांना जोडणारी एक लांब नस आहे, व्हेगस. मेंदू बोलतो आणि पोट ऐकतं, असंच वाटलं ना तुला? उलटंच आहे! तिचे सुमारे ८० टक्के तंतू खालच्या बातम्या वर पोचवतात. एरवी आतड्यांची हालचाल आपल्याला जाणवतही नाही. पण भीती वाटली की तीच हालचाल कळ होऊन टोचते. जठर मंदावतं, पण मोठं आतडं मात्र उगाच घाई करतं. म्हणून पेपरच्या आधी दोनदा संडासला पळावं लागतं!

तेव्हा कुणी ‘नाटकं करतोस’ म्हणालं, तर खुशाल सांग, दुखणं अगदी खरं आहे.

मग करायचं काय? श्वास हळू घे आणि त्याहून हळू सोड. चार-पाच वेळा कर. पोटाला कळतं, वाघ गेला!

आणि आईबाबांना किंवा बाईंना दोन गोष्टी सांग: दुखतं कुठे आणि भीती कशाची वाटते. पण ताप असेल, सारख्या उलट्या होत असतील, कळ झोपेतून उठवत असेल किंवा पोटात उजवीकडे खाली दुखणं वाढत चाललं असेल, तर भागाकाराला दोष देत बसू नकोस. लगेच डॉक्टरांकडे जा!